इनास असं नावच नसतं

आमच्या ट्युशनच्या जुन्या पोरांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. परवा त्यावर स्टीफनने टाकलं की बिअट्रिस टीचरचा सत्कार करायचाय, शाल, नारळ, केक, सगळं. प्रत्येकाने टीचरबद्दल दोन चांगले शब्द लिहून पाठवा, छोटी पुस्तिका काढतोय. खाली लगेच जोडलेले हात, लाल हार्ट, "बेस्ट टीचर", "आज जे काही आहे ते टीचरमुळे". अरे, काय चाललंय? विसरलात सगळे? स्टीफन, तू पण?

मी रिप्लाय टाइप करायला घेतला आणि बोटं थांबेचनात. दोन शब्दांत मावत नाही, आणि चांगल्यात तर अजिबातच नाही. क्लॉडियाच्या बाळाच्या नावासाठी या बाईने काय केलं ते मी डोळ्यांनी बघितलंय. ते न लिहिता "बेस्ट टीचर" लिहिणं मला जमणार नाही. पुस्तिकेत छापा नाहीतर नका छापू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बिअट्रिस टीचर कोर्लईची. मुंबईत आयुष्यभर शाळेत इंग्लिश शिकवलं, रिटायर झाली, लग्न केलं नव्हतं, गावी परत आली आणि स्वतःच्या पडवीत ट्युशन काढली. आम्ही रेवदंड्याची पोरं खाडीच्या पुलावरून सायकली मारत जायचो. समोर असताना आम्ही सगळे तिला "तुम्ही टीचर" म्हणायचो. इथे मी "ती" म्हणणार आहे.

कडक इस्त्रीचा फ्रॉक, कमरेच्या पट्ट्यात घडी घातलेला रुमाल, पावडरीचा वास. आणि एक सवय अशी की गळ्याला दोन बोटं लावून बसायची. आवाज घशातून येतोय की नुसता दातांतून, ते तपासायला. आम्हालाही तसंच बसायला लावायची. रस्त्यावरून जाणारी माणसं बघायची की पडवीत वीसेक पोरं गळ्याला बोटं लावून बसलीत आणि एक म्हातारी ओरडतेय, "थरथर लागली पाहिजे! व्ही म्हणताना थरथर लागली पाहिजे!" माझ्या काकाला कितीतरी दिवस वाटत होतं की आम्ही गाणं शिकायला जातो.

व्याकरण वगैरे ती शिकवायची, पण जीव सगळा नावांत. इंग्लिश माणसांची नावं. कुठलं नाव कुठून आलं, ग्रीक की लॅटिन की हिब्रू, अर्थ काय, आणि बोलायचं कसं. "नाव म्हणजे दात," म्हणायची, "रोज घासा, नाहीतर किडतं." माझ्यासारख्यांची सुटका होती. मी भालेराव. आमच्या घरात सगळी नावं पालीतली नाहीतर बुद्धाच्या गोष्टींतली, त्याला ती हात लावायची नाही. "तुमचं तुम्ही बघा," एवढंच. पण गावातल्या कॅथलिक पोरांची शंभर टक्के वाट लागायची. कारण त्यांच्या घरात पोर्तुगीजांच्या वेळची एक भाषा बोलतात, आम्हाला त्यातलं फक्त जेवायला बोलावलेलं कळायचं, आणि त्या भाषेत नावं घासून घासून मऊ झालेली. टीचरला ती सहन व्हायची नाहीत. ती स्वतः त्याच घरांत, त्याच भाषेत वाढलेली ना!

पहिल्याच दिवशीची हजेरी ऐका.

"स्टीव्हन."

पोरं मागे वळून बघायला लागली, हा कोण?

"स्टीव्हन डिसोझा."

आमचा स्टीफन मागून म्हणाला, "टीचर, मी स्टीफन."

"स्टीफन नावाचा माणूस जगात जन्मला नाही. स्पेलिंगमध्ये पी-एच असो नाहीतर व्ही असो, तोंडात व्हीच येणार. ग्रीक शब्द. अर्थ मुकुट. तू कोण?"

"स्टीफन."

"गैरहजर."

आणि खरंच गैरहजर! पोरगा समोर बसलाय, वही उघडलीय, गणपतीच्या सुट्टीपर्यंत रोज गैरहजर. शेवटी त्याची आई आली भांडायला. "टीचर, माझा पोर रोज येतो तुमच्याकडं. तुम्ही गैरहजर कसा लावता?"

टीचर शांतपणे म्हणाली, "तुमचा मुलगा येतो. स्टीव्हन येत नाही."

ती माऊली घरी गेली आणि पोराला म्हणाली, बाबा, त्या बाईसमोर जे म्हणते ते हो. दुसऱ्या दिवशी स्टीफन स्टीव्हन झाला. आता तोच सत्कार काढतोय. काय बोलायचं!

उच्चारांचं ठीक होतं, आम्ही हसून सोडायचो. घाण प्रकार म्हणजे अर्थ. नावाचा अर्थ ती ज्ञान म्हणून सांगायची नाही, दगड मारल्यासारखा फेकायची. सेसिल नावाचा मुलगा होता, जाड भिंगाचा चष्मा. "सेसिल, लॅटिन, अर्थ आंधळा. आईबापांनी विचार करून ठेवलेलं दिसतं." फिलिपला म्हणाली, "फिलिप म्हणजे घोड्यांचा शौकीन. तुझ्या बापाच्या दारात बैल तरी आहे का?" टॉमसला, आमच्याकडच्या तोमासला, म्हणाली, "अर्थ जुळा. मग दुसरा कुठाय? तो हुशार असेल." सगळे हसायचे. ज्याचं नाव, तो सोडून सगळे.

आणि बिअट्रिसचा अर्थ काय माहितीये? आनंद देणारी. हे तिने स्वतःच सांगितलं, अगदी सरळ चेहऱ्याने, आणि त्या दिवशी वर्गात एकालाही हसायची हिंमत झाली नाही.

क्लॉडिया माझी मैत्रीण. कोर्लईचीच. वर्गात सगळ्यात जोरात पळणारी, किल्ल्याच्या पायऱ्या ती एका दमात चढायची आणि वर बसून आम्हाला चिडवायची. टीचरने पहिल्याच आठवड्यात तिला उभं केलं. "क्लॉडिया. लॅटिन. लंगडी."

संपलं. त्या दिवसापासून ती लंगडी. शाळेत, रस्त्यात, रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात पण. "ए लंगडी, बॉल दे." शाळेच्या स्पोर्ट्सला शंभर मीटरमध्ये पहिली आली तर पोरं ओरडतायत, लंगडी आली, लंगडी आली. पुढच्या वर्षी तिने नावच दिलं नाही पळायला.

तिचे पप्पा शेतकरी. वालाच्या शेंगा, वांगी आणि थोडा पांढरा कांदा. आवाज न करणारा माणूस. एकदा ते ट्युशनच्या वेळी आले, हातात कांद्याची माळ. आम्ही सगळे पडवीत. ते खाली अंगणातच उभे राहिले.

"टीचर, जरा बोलायचं व्हतं. पोरीला त्या नावानं नका हाक मारू. पोरं चिडवतात. घरात रडते."

टीचरने गळ्यावरची बोटं काढली. "ते मी ठेवलेलं नाव नाही. तुम्ही ठेवलंत. अर्थ माहीत नसताना. तुमचं नाव काय?"

"इनास."

"इनास असं नावच नसतं. इग्नेशस. लॅटिन. इग्निस म्हणजे आग. म्हणा."

आम्ही वीस पोरं बघतोय. त्यांची मुलगी बघतेय. ते कांद्याची माळ या हातातून त्या हातात करत राहिले. मग म्हणाले, "बरं."

नुसतं "बरं". माळ पायरीवर ठेवली आणि गेले. क्लॉडिया वहीत मान घालून बसली. तिच्या वहीचं पान भिजत होतं आणि टीचर पुढचं नाव घेत होती.

मला कोणी विचारतं की तुझा एवढा राग का, तेव्हा मला ते "बरं" आठवतं. त्या माणसाने कधी कुणाचं वाईट केलं नाही. कोरोनाच्या लाटेत नाही, आजारात नाही, वाडीत नारळ उतरवताना पडून गेले, क्लॉडियाचं लग्न ठरलं त्याच वर्षी.

लोक म्हणतील मी एकच बाजू सांगते. बरं, एक दुसरा किस्सा सांगते, यात तुम्ही हसाल. किल्ला बघायला एक इंग्रज जोडपं आलेलं. त्यांना गावातली ती जुनी भाषा ऐकायची होती. कोणीतरी त्यांना टीचरकडे नेलं, इंग्लिश बोलणारी म्हणून. चहा, केळ्याचे वेफर्स, सगळं छान. मग त्या माणसाने नाव सांगितलं. राल्फ.

टीचरने कप खाली ठेवला. म्हणाली, "रेफ."

तो म्हणाला, "नाही नाही, राल्फ."

"जुनं आणि खरं रूप रेफ. नॉर्स शब्द. सल्ला आणि लांडगा."

तो बिचारा हसत म्हणाला, "असेल, पण माझी आई मला राल्फच म्हणते."

टीचर म्हणाली, "मग तुमची आई चुकते."

खुद्द इंग्रजाला! त्याच्या आईसकट! त्याची बायको एवढी हसली की वेफर घशात अडकला. आम्ही पण हसलो, गावभर सांगितलं. पण तो हसत नव्हता, हे मला आठवतंय. मोठा माणूस, पण चेहरा सेसिलसारखा झालेला.

आता खरं बोलायचं तर अजून एक गोष्ट लिहावी लागेल, नाहीतर स्टीफन ग्रुपवर भांडेल. टीचरचा धाकटा भाऊ बोटीवर होता, त्याची बायको लवकर गेली, आणि त्यांचा मुलगा रॉनी याला टीचरनेच वाढवलं. मुंबईत, स्वतःच्या खोलीत ठेवून. डबा, अभ्यास, ताप, सगळं. चक्रीवादळात तिच्या घराची कौलं उडाली, अख्ख्या गावात लाईट नाही, नेटवर्क नाही, वाड्या आडव्या झालेल्या, आणि ही बाई ताडपत्रीखाली बसून पोरांना बोलावतेय, या, वह्या घेऊन या. पोरं गेली, कारण घरात बसून रडण्यापेक्षा ते बरं होतं. हे सगळं खरं आहे. लिहिलं. पुढे जाते.

कारण क्लॉडियाचं लग्न झालं ते याच रॉनीशी. प्रेमविवाह! मी तिला म्हटलं, "अगं वेडी आहेस का? ती तुझी सासू होणार म्हणजे."

"सासू न्हाय, आत्तेसासू," क्लॉडिया म्हणाली. "आणि रॉनी चांगला हाय."

रॉनी चांगलाच आहे. फक्त आंटीसमोर त्याचा आवाज निघत नाही. पुढे टीचर थकली, ट्युशन बंद झाली, आणि वर्षभरात क्लॉडियाला मुलगा झाला.

त्यांच्यात अशी रीत की पहिल्या बाळाची गॉडमदर नवऱ्याच्या घरची, सगळ्यात मोठी बाई. म्हणजे टीचरच. आणि बाप्तिस्म्याच्या वेळी बाळ आईच्या हातात नसतं, गॉडमदरच्या हातात असतं, आणि फादरने नाव विचारलं की तीच सांगते. आई मागे उभी.

क्लॉडियाने बाळाचं नाव आधीच ठरवलेलं. इनास. पप्पांचं. तिच्या भावांना मुलीच, आणि तिला ते नाव घरात परत हवं होतं. "अंगणातून कोणी इनास म्हणून हाक मारली की माझी आई अजून दाराकडं बघते," ती मला म्हणाली. "तिला बघायला कोणीतरी पायजे."

तिने टीचरला जाऊन सांगितलं. मी सोबत होते. टीचर खुर्चीत बसलेली, बाळाकडे बघत, बोट त्याच्या मुठीत. म्हणाली, "बघू."

बाहेर आल्यावर क्लॉडिया खूश. "बघू म्हणाल्या. म्हणजे व्हय म्हणाल्या."

"अगं, तिचं बघू म्हणजे व्हय कधी झालंय?"

"तू उगाच गं. चर्चमध्ये काय करणारेत त्या?"

रविवार. चर्च भरलेलं. नवीन फादर, तरुण, वसईकडचे, गावातली कुठलीच भांडणं माहीत नसलेले. टीचर पांढऱ्या फ्रॉकमध्ये, बाळ तिच्या हातात, पांढऱ्या लेसमध्ये गुंडाळलेलं. शेजारी रॉनी. मागे क्लॉडिया, तिची आई, आणि बाजूला मी, लंगोटांची पिशवी धरून.

फादरने विचारलं, "या बाळाचं नाव काय ठेवलंत?"

टीचरने मान ताठ केली. त्या पडवीतल्या आवाजात, शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा:

"इग्नेशस."

फादरने मान हलवली आणि पाण्याच्या भांड्याकडे हात नेला. मी रॉनीकडे बघितलं. तो बुटांकडे बघत होता. क्लॉडियाच्या आईला काही कळलंच नाही, तिला ते कुणाचंतरी दुसऱ्याचं नाव वाटलं. आजूबाजूला बघायला लागली, की आधी दुसरं बाळ आहे की काय!

"फादर, थांबा."

क्लॉडिया. वर्गात जिने कधी बोट वर केलं नाही ती. ती पुढे आली आणि टीचरच्या समोर दोन्ही हात केले.

"द्या त्याला."

"मागे हो," टीचर हळू म्हणाली. "रीत आहे."

"रीत नाव सांगायची हाय. बदलायची न्हाय. द्या."

"मी बदललं नाही. दुरुस्त केलं. इनास असं नावच नसतं."

"नाव हाय," क्लॉडिया म्हणाली. "माझे पप्पा व्हते."

क्लॉडियाने लेसखाली हात घातला आणि बाळ घेतलं, हिसकावलं नाही, पण टीचरला सोडावंच लागलं. बाळ रडायला लागलं. फादरने सगळ्यांकडे एकदा बघितलं, त्यांना किती कळलं देव जाणे, पण माणूस हुशार. ते आईकडे वळले आणि प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारला.

"या बाळाचं नाव काय ठेवलंत?"

"इनास."

"इनास, मी तुला पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देतो." पाणी. एकदा, दोनदा, तीनदा. क्लॉडियाची आई तोंडावर पदर धरून उभी.

मेणबत्ती गॉडमदरने धरायची असते. टीचरने धरली. मिस्सा संपेपर्यंत तशीच उभी. मग मेणबत्ती फुंकून रॉनीच्या हातात दिली आणि घरी गेली. जेवायला आली नाही. सोरपोतेल, पुलाव, केक, सगळं झालं, रॉनी ताट घेऊन तिच्याकडे गेला आणि ताट तसंच घेऊन परत आला. रडत होता. क्लॉडियावर तो एक शब्द रागावला नाही, पण त्या दिवशी नीट बोललाही नाही. एवढ्या आनंदाच्या दिवशी टीचरने हे केलं. लेकरासारखं वाढवलेल्या मुलाच्या लेकराच्या दिवशी! आता कोणीतरी मला सांगा, बेस्ट टीचर कुठे आहे यात?

मी नागावला एका होमस्टेमध्ये बुकिंग बघते. गेल्या महिन्यात एक गेस्ट आला, ग्रॅहम असं स्पेलिंगवरून कोणीही वाचेल. मी न विचारता "वेलकम, मिस्टर ग्रेअम" म्हटलं. तो एवढा खूश झाला की रिव्ह्यूमध्ये माझं नाव लिहिलं. मालक म्हणाले वा वा. आणि मला इतका राग आला, इतका, कारण तोंडातून निघालेलं ते तिचं होतं. आणि बरोबर होतं.

आता शेवटचं, मग थांबते. हे मागच्या गुरुवारचं.

क्लॉडिया बाळाला अलिबागला डोस द्यायला घेऊन गेलेली, परतताना ती ज्या मिनिडोरमध्ये, शेअर रिक्षेत, बसली त्यातच मी नागावला चढले. बाळ मांडीवर, सहा महिन्यांचं, जाडं झालंय, डोस घेऊन चिडलेलं. आमच्या शेजारी एक कोळीण रिकाम्या टोपल्या घेऊन. आणि समोरच्या सीटवर टीचर. औषधांची पिशवी, रुमाल, तोच फ्रॉक, पण आता खांद्यावर सैल. चर्चनंतर ती आणि क्लॉडिया एकमेकींशी बोललेल्या नाहीत. टीचर बाहेर बघत होती. गुडघ्याला गुडघा लागतोय एवढी जागा, तरी बाहेर.

कोळणीने बाळाचे गाल ओढले. "नाव काय ठेवलास गो पोराचा?"

मी तोंड उघडलं तर क्लॉडियाने मला कोपर मारलं. ती टीचरकडे बघत होती, सरळ. बाळ पण तिकडेच बघत होतं, त्याला चष्म्याची साखळी हवी होती.

कोळणीने एकदा हिच्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. तिला वाटलं आजी आहे. "आजी, तुमीच सांगा. नाव काय याचा?"

मिनिडोर खड्ड्यातून गेली. आम्ही सगळे उडून खाली बसलो. टीचरने पिशवी सावरली. बाळाकडे बघितलं. गळ्यापर्यंत तिची दोन बोटं गेली, मी बघितली.

"त्याच्या आईला विचारा," ती म्हणाली.

क्लॉडिया म्हणाली, "इनास."

"इन्नास? बरा हाय," कोळीण म्हणाली आणि बाळाला खेळवायला लागली. "इन्नासा, ए इन्नासा, रडतोस कशाला रं?" मोठ्याने, परत परत, सगळ्या मिनिडोरला ऐकू जाईल असं, नाव आणखी ताणून.

मी टीचरच्या तोंडाकडे बघत होते. आत्ता बोलेल, आत्ता. घर अजून लांब, पुलापलीकडे, तरी चौल नाक्यालाच ती उतरली, पिशवी छातीशी धरून, एक पाय खाली टाकून बराच वेळ दुसरा शोधत. क्लॉडियाने हात पुढे केला, तो घेतला नाही. मग तशीच चालायला लागली, वाडीच्या बाजूने, मागे न बघता. कोळीण अजून ओरडतच होती, इन्नासा, इन्नासा, आणि टीचरला ते ऐकू जात होतं, आणि ती दुरुस्त करायला वळली नाही.